द्राक्षभूमीच्या यात्रेची आखणी

यात्रा करावयाची म्हणजे प्रथम आखणी करावी लागते. काशीस निघणारा मनुष्य पूर्वीं वर्षभर आधीं तयारीस लागे. बरोबर कोण, मुक्काम कोठें, नदीला उतार केव्हां मिळेल, शिधा किती बांधावा, या सर्व गोष्टी वडीलधाऱ्यांस विचारून ठरत. पुढें आगगाडी, मोटार आणि विमान आलें. वाटेचे कष्ट सरले आणि त्यांबरोबर वाटेचा विचारहि सरला. अलीकडे एक नवीनच यात्रा प्रचारांत आली आहे. द्राक्षांचे मळे पाहावयाचे, द्राक्षांपासून वाइन कशी करतात तें पाहावयाचें, आणि ज्यास वर्ज्य नसेल त्यानें तिची चव घ्यावयाची, अशी ही यात्रा. युरोपांत ती जुनी आहे. दक्षिण अमेरिकेंत, विशेषतः आर्जेंटिना व चिली या देशांत, ती गेल्या कांहीं दशकांत वाढली. आणि महाराष्ट्रांत नाशिकच्या आसपास ती इ.स. २००० नंतर रुजली.

या यात्रेची आखणी बहुधा एकाच पद्धतीनें होते. कोणत्या वाइनरींत जावयाचें, कोणती वाइन नांवाजलेली आहे, उतरावयाचें कोठें आणि दर काय, यांची यादी होते. दिवसाला चार ठिकाणें भरलीं कीं आखणी संपली. परत आलेल्या मनुष्यास विचारावें, तर तो पेल्यांचीं नांवें सांगतो. तो देश कसा उभा राहिला हें त्यास सांगतां येत नाहीं. नाशिकास जाऊन गोदावरी न पाहिल्यासारखेंच तें होय.

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांत, चिखलीहून खामगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर हें गांव आहे. टेकडीवर बल्लाळदेवीचें देऊळ, भोंवतीं काळी जमीन, आणि तींत कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन हीं पिकें. शिवार बहुतांशीं कोरडवाहू. सगळा भरंवसा मृगावर आणि आर्द्रावर. अशा गांवच्या मनुष्यानें द्राक्षाचा हिरवागार मांडव पाहिला, तर त्याच्या मनांत पहिला प्रश्न चवीचा येणार नाहीं. हें येथें कसें पिकलें, आणि आपल्याकडे कां पिकत नाहीं, हाच प्रश्न येईल. इतिहासाच्या दृष्टीनेंहि हाच प्रश्न योग्य आहे. त्याचे चार भाग पडतात. पाणी कोठून आलें? वेल कोणीं आणली? माल कोणत्या बाजारांत गेला? आणि कायदा कोणाच्या बाजूस उभा राहिला? हे चार प्रश्न वहींत लिहून जो निघेल, त्याची यात्रा मेंडोझाची असो कीं नाशिकची असो, फुकट जाणार नाहीं.

पहिला प्रश्न पाण्याचा. आर्जेंटिनाच्या पश्चिमेस अँडीज पर्वताच्या पायथ्याशीं मेंडोझा हें शहर आहे. चिलीमधून पर्वत ओलांडून आलेल्या पेद्रो देल कास्तीयो या स्पॅनिश सरदारानें इ.स. १५६१ मध्यें तें वसविलें. आर्जेंटिनाच्या वाइनचा सर्वांत मोठा हिस्सा याच प्रांतांत होतो. हें ऐकून मेंडोझा म्हणजे पावसाचें माहेरघर असेल असें कोणासहि वाटेल. वस्तुतः तेथें वर्षाकाठीं सुमारें २०० मिलिमीटरच पाऊस पडतो. बुलढाणा जिल्ह्यांत सरासरीनें पडणारा पाऊस त्याच्या तिपटीहून अधिक आहे. म्हणजे आकाशांतून येणाऱ्या पाण्याचा विचार केला, तर मेंडोझापेक्षां अमडापूरच श्रीमंत ठरतें.

मग तेथें मळे कशावर उभे राहिले? अँडीजवरील बर्फ उन्हाळ्यांत वितळतें, नद्यांवाटे खालीं येतें आणि पाटांनीं शेतांत जातें. हे पाट प्रथम स्पॅनिश लोकांनीं खणले नाहींत. तेथील मूळचे हुआर्पे लोक आपल्या मक्याच्या शेतांसाठीं पाट काढीत असत. नव्या धन्यांनीं तेच पाट घेतले आणि वाढविले. त्या पाटांना तेथें ‘आसेकिया’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी. अरबांनीं स्पेनमध्यें पाटबंधाऱ्यांची विद्या नेली, आणि स्पेननें तो शब्द समुद्रापलीकडे नेला. इ.स. १८६१ च्या मार्च महिन्यांत २० तारखेस झालेल्या भूकंपानें जुनें मेंडोझा शहर जमीनदोस्त झालें. पुढें रुंद रस्ते आणि मोठे चौक ठेवून नवें शहर वसविण्यांत आलें; परंतु पाट सुटले नाहींत. आजहि तेथील रस्त्यांच्या कडेनें उघडे पाट वाहतात आणि त्यांच्या ओलाव्यावर झाडांच्या रांगा जगतात. प्रवाशानें त्या पाटाजवळ घटकाभर उभें राहावें. तेथील वाइनचा इतिहास त्या हातभर रुंद पाटांत आहे.

महाराष्ट्रांत याच्याशीं जुळणारी गोष्ट दूर नाहीं. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर ‘फड’ नांवाची पद्धत कित्येक शतकें चालत आली. नदीला लहान बंधारा घालावयाचा, पाट काढावयाचा, शिवाराचे फड पाडावयाचे, एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, आणि पाणी वांटण्यास गांवानें पाटकरी नेमावयाचा. सरकारी दप्तर न लागतां हा व्यवहार चाले. नाशिककडे द्राक्षें आलीं तीं पाण्याची अशी संवय असलेल्या मुलखांत आलीं, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दारणा नदीवर धरण झालें, गोदावरीवर नांदूर-मध्यमेश्वर येथें बंधारा होऊन कालवे निघाले, आणि स्वातंत्र्यानंतर, इ.स. १९६५ मध्यें, नाशिकच्या वरच्या अंगास गंगापूरचें धरण पुरें झालें. विहिरी होत्याच, शेवटीं ठिबक सिंचन आलें. आज वाइनरी पाहण्यास येणारे लोक गंगापूरच्या जलाशयाकडे पाहून देखावा सुंदर आहे असें म्हणतात. तो देखावा नसून त्या मळ्यांचा पाया आहे.

परंतु धरण किंवा मोठी नदी नसेल तेथें काय करावयाचें? याचें उत्तर अमडापूरकरांस नाशिकपर्यंत न जातां मिळतें. जालना तालुक्यांत कडवंची नांवाचें गांव आहे. तेथें मोठा कालवा नाहीं. इ.स. १९९६ च्या सुमारास तेथें पाणलोटाचें काम सुरू झालें. डोंगरउतारावर चर खणले, शेतांना बांध घातले, नाले अडविले. पुढें शेततळीं झालीं, ठिबक आलें, आणि एके काळीं बाजरी-कापूस घेणाऱ्या शेतांत द्राक्षाचे मांडव चढले. इ.स. २०१२-१३ च्या कडक दुष्काळांत शेततळ्यांतील सांठ्यावर तेथील बऱ्याच बागा टिकल्या. मेंडोझानें पर्वतावरचें बर्फ धरलें. कडवंचीनें आपल्याच शिवारावरचा पाऊस धरला. द्राक्षभूमीच्या यात्रेंत हें पहिलें ठिकाण असावें, मग तेथें वाइनचा एक थेंबहि होत नसला तरी चालेल.

दुसरा प्रश्न वेलीचा. ज्या वेलीच्या द्राक्षांची वाइन होते ती वेल दक्षिण अमेरिकेची नव्हे. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांबरोबर ती आली. ख्रिस्ती उपासनेंत द्राक्षमद्याची आवश्यकता असते. स्पेनहून पिंपें भरून आणण्यापेक्षां वेलच लावणें सोयीचें, म्हणून धर्मोपदेशकांनीं ती मठांच्या आवारांत लावली. त्या जुन्या वेलीला चिलींत ‘पाईस’ म्हणतात. सुमारें तीनशें वर्षें तिच्यावरच काम चाललें. एकोणिसाव्या शतकांत स्वातंत्र्य मिळाल्यावर नव्या राष्ट्रांचें लक्ष फ्रान्सकडे गेलें. इ.स. १८५१ च्या सुमारास सिल्वेस्त्रे ओचागाविया या चिलीच्या गृहस्थानें फ्रेंच जातींच्या वेली आणविल्या. इ.स. १८५३ मध्यें मेंडोझा येथें कृषिशाळा स्थापन झाली, आणि मिशेल एमे पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञानें ‘माल्बेक’ ही जात तेथें आणली. या शाळेमागें प्रेरणा होती ती दोमिंगो फाउस्तीनो सार्मियेंतो यांची. सार्मियेंतो हे मूळचे शिक्षक. पुढें ते आर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झाले. शेतीची सुधारणा शाळेंतून होते अशी त्यांची श्रद्धा होती, आणि माल्बेकनें ती खरी केली.

या वेलींच्या स्थलांतरांत एक चमत्कारिक प्रकार घडला. वेली अमेरिकेंत गेल्यानंतर थोड्याच वर्षांत, इ.स. १८६० नंतर, फ्रान्सच्या मळ्यांत फिलॉक्सेरा नांवाची मुळें खाणारी बारीक कीड शिरली आणि मळेच्या मळे वाळून गेले. पुढें अमेरिकन खुंटावर कलमें बांधून युरोपनें आपले मळे पुन्हां उभे केले. परंतु कांहीं जाती मागें पडल्या. बोर्दो प्रांतांतील ‘कार्मेनेर’ ही त्यांपैकीं एक. ती जवळजवळ नाहींशी झाली असें सर्व समजत होते. इ.स. १९९४ मध्यें झाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ चिलीमध्यें एका मळ्यांत गेले. तेथील लोक ज्या वेलीला ‘मेर्लो’ म्हणत होते तिचीं पानें व फुलें पाहून, ही मेर्लो नसून कार्मेनेर आहे, असें त्यांनीं ओळखलें. घरांत हरवलेली वस्तु परगांवीं दुसऱ्याच नांवानें नांदत होती. चिलीच्या ज्या खोऱ्यांत पूर्वेस अँडीज, पश्चिमेस महासागर आणि उत्तरेस वाळवंट आहे, तेथें ती कीड पोंचली नाहीं, म्हणून ती वेल वांचली.

दख्खनच्या वेलीचा इतिहास याहून जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्याचा उल्लेख आहे, आणि त्याचीं नांवें वायव्येकडील प्रदेशांवरून पडलेलीं दिसतात. त्यांपैकीं कापिशायन हें कापिशी नगरीवरून पडलेलें. पेरिप्लस या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं इटलीची वाइन उतरे असें सांगितलें आहे, आणि त्याच बंदराशीं पैठण व तेर येथील व्यापार गाड्यांनीं चाले. नेवासें येथील उत्खननांत रोमन मद्यकुंभांचीं खापरें सांपडलीं आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत छतावर परदेशी पोशाखांतील मंडळी हातांत पेला घेऊन बसलेलीं चित्रें आहेत. यावरून असें दिसतें कीं, त्या काळीं द्राक्षमद्य ही बाहेरून येणारी, श्रीमंतांची वस्तु होती. वेल मात्र पुढें येथें रुजली. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेस आला. तेथें द्राक्षें व डाळिंबें होतात आणि त्यांना वर्षांतून दोनदां फळ येतें, असें त्यानें नमूद केलें आहे.

इब्न बतूताचें हें वाक्य आजच्या बागायतदारासहि पटेल. थंड देशांत हिवाळ्यांत द्राक्षवेल झोंपते. पानें गळतात आणि वसंतांत ती जागी होते. दख्खनमध्यें तशी थंडी नाहीं, म्हणून वेलीला झोंप नाहीं. तिला वळण लावण्यासाठीं येथील शेतकरी वर्षांतून दोनदां छाटणी करतो. उन्हाळ्यांत खरड छाटणी, तिनें काडी तयार होते. आणि पावसाळा सरतांना फळछाटणी, तिनें घड येतात. युरोपांतील पुस्तकांत ही रीत सांपडत नाहीं. ती येथील शेतकऱ्यांच्या अनुभवांतून सिद्ध झाली आहे. नाशिक जिल्ह्यांत ओझर येथें रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनीं इ.स. १९२५ मध्यें द्राक्षबागेचा पाया घातला असें मानतात. पुढें ओझर, पिंपळगांव, निफाड, दिंडोरी हा सारा टापू मांडवांनीं भरला. हीं द्राक्षें खाण्याचीं होतीं. वाइनचीं द्राक्षें निराळीं. तीं बारीक, जाड सालीचीं, बियांचीं, आणि तारेवर रांगेनें वाढविलेलीं असतात. खाण्याचें द्राक्ष भरघोस असावें लागतें. वाइनचें द्राक्ष वेलीवर मोजकें ठेवावें लागतें. ज्या शेतकऱ्यानें आयुष्यभर भरघोस घड काढण्यांत भूषण मानलें, त्यास घड तोडून टाकावयास शिकविणें सोपें नव्हतें.

महाराष्ट्रांत वाइनचा आधुनिक उद्योग इ.स. १९८० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव येथें श्यामराव चौगुले यांनीं फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्यानें उभा केला. नाशिककडे राजीव सामंत यांनीं अमेरिकेंतील नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या जमिनींत इ.स. १९९७ मध्यें फ्रेंच जातींच्या वेली लावल्या, इ.स. २००० मध्यें ‘सुला’ या नांवानें त्यांची पहिली वाइन बाजारांत आली. या कथेस मेंडोझांत जोड आहे. निकोलास कातेना हे अर्थशास्त्रज्ञ इ.स. १९८० नंतर कॅलिफोर्नियांत अध्यापनास गेले. तेथील मळे पाहून परतल्यावर त्यांनीं आपल्या घराण्याच्या मळ्यांची रीत बदलली आणि अँडीजच्या उंच उतारावर नव्या वेली लावल्या. दोघांनींहि विद्या कॅलिफोर्नियांत पाहिली आणि ती आपापल्या मातींत लावून पाहिली.

तिसरा प्रश्न बाजाराचा. नुसतें पीक आल्यानें देश श्रीमंत होत नाहीं. तें घेणारा कोणी असावा लागतो. इ.स. १५४५ मध्यें पोतोसी येथें चांदीची खाण सांपडली, आणि त्या उजाड डोंगरावर मोठें शहर उभें राहिलें. तेथें कांहींच पिकत नव्हतें, पण चांदी होती. म्हणून पेरूच्या किनाऱ्याकडील मळ्यांची वाइन खेंचरांच्या पाठीवर तिकडे जाऊं लागली. मेंडोझाचें दैव उघडलें तें मात्र इ.स. १८८५ मध्यें, आगगाडी आली तेव्हां. तोंपर्यंत ब्वेनोस आयरेस बंदरापर्यंत पिंपें नेण्यास बैलगाड्यांच्या तांड्यांना महिना-महिना लागे. रूळ पडले आणि तोच प्रवास कांहीं दिवसांवर आला. त्याच रुळांवरून इटली व स्पेन येथील हजारों कुटुंबें मेंडोझास आलीं. त्यांना वेलीची माहिती होती आणि घरीं वाइन पिण्याची संवयहि होती. म्हणजे कामगार आणि गिऱ्हाईक एकाच गाडींतून उतरले. नाशिकचेंहि तसेंच. मुंबईची बाजारपेठ, आग्रा रस्ता आणि आगगाडी हीं जवळ नसतीं, तर नाजूक द्राक्ष ओझरच्या वेशीबाहेर गेलें नसतें. विदर्भांतील शेतकऱ्यास या बाबतींत नाशिकचा हेवा वाटला तर तो अकारण नाहीं.

चौथा प्रश्न कायद्याचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप यानें इ.स. १५९५ मध्यें अमेरिकेंतील वसाहतींत नवे मळे लावण्यास मनाई केली. कारण सरळ होतें. स्पेनच्या व्यापाऱ्यांचा माल खपला पाहिजे. वसाहतवाल्यांनीं हुकूम डोक्यास लावला आणि वेली लावीत राहिले. महाराष्ट्रांत प्रश्न निराळ्या स्वरूपाचा आहे. येथें दारूबंदीमागें राजाचा नफा नसून घरोघरच्या स्त्रियांचे अश्रु आहेत. इ.स. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा या भावनेंतून झाला. मद्यपानास बंदी घालण्याचा प्रयत्न राज्यानें करावा, असें भारताच्या घटनेच्या ४७ व्या कलमांत सांगितलें आहे. वर्धा व गडचिरोली या विदर्भांतील जिल्ह्यांत दारूबंदी आहे. त्याच महाराष्ट्र सरकारनें इ.स. २००१ मध्यें द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून वाइनच्या कारखान्यांना करांत सवलती दिल्या, विंचूर येथें त्यांच्यासाठीं खास औद्योगिक वसाहत झाली, आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें. इ.स. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें केला, तेव्हां शेतकऱ्याचें हित आणि समाजाचें आरोग्य यांवरून राज्यभर वाद माजला. यात्रेकरूनें हा वाद घरीं ठेवून जाऊं नये. वाइन हें शेतीचें उत्पन्न आहे हें खरें, आणि ती मद्य आहे हेंहि खरें. दोहोंपैकीं एक सत्य झांकून दुसरें सांगणाऱ्यांपासून सावध राहावें.

या चारहि प्रश्नांचा हिशेब शेवटीं एकाच मनुष्याच्या ओसरीवर येऊन थांबतो, आणि तो मनुष्य म्हणजे मळेवाला. वेल लावल्यापासून चांगलें फळ येण्यास दोन-तीन वर्षें लागतात. बाजार मात्र तीन महिन्यांत फिरतो. आर्जेंटिनांत एके काळीं वाइनचा माणशीं खप प्रचंड होता. तो उतरूं लागला तेव्हां, इ.स. १९८० नंतरच्या दहा-बारा वर्षांत, शेतकऱ्यांनीं हजारों हेक्टर वेली उपटून टाकल्या. पुढें जिची जगांत वाहवा झाली त्या माल्बेकच्या जुन्या वेलीहि त्यांत गेल्या. नाशिककडे याचीच लहान आवृत्ति निघाली. सवलतींच्या भरांत अनेक वाइनरी निघाल्या, शेतकऱ्यांनीं करार करून वाइनच्या जाती लावल्या, आणि इ.स. २००८ नंतर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं. कांहीं कंपन्या बुडाल्या. वाइनचें द्राक्ष खाण्याच्या बाजारांत चालत नाहीं. कारखान्यानें नाकारलें तर तें कोणास विकावयाचें? पुष्कळांनीं त्या वेली काढल्या आणि पुन्हां खाण्याचीं द्राक्षें लावलीं. खाण्याच्या द्राक्षांनाहि सुख नव्हतें. इ.स. २०१० मध्यें युरोपांत गेलेल्या मालांत एका वाढरोधक रसायनाचा अंश सांपडला, माल अडकला आणि बागायतदारांस मोठा फटका बसला. त्यांतून जे टिकले त्यांनीं तपासणीची शिस्त अंगीं बाणविली. वाइनरीच्या सुबक सज्जांत बसून हें दिसत नाहीं. त्यासाठीं कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्याशीं बोलावें लागतें.

आतां प्रत्यक्ष आखणी. दक्षिण अमेरिकेस जाणाऱ्यानें प्रथम ऋतु उलटे आहेत हें ध्यानांत धरावें. तेथें द्राक्षांची तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत होते. मार्चच्या आरंभीं मेंडोझांत ‘वेंदिमिया’ नांवाचा सुगीचा उत्सव असतो. त्यास राष्ट्रीय स्वरूप इ.स. १९३६ मध्यें आलें. त्या दिवसांत गर्दी फार, म्हणून उतरण्याची सोय बरीच आधीं करावी. प्रथम चिलीच्या सान्तियागोस उतरून माइपो व कोल्चाग्वा हीं खोरीं पाहावीं, आणि मग मोटारीनें अँडीज ओलांडून मेंडोझास जावें. हा घाट हिवाळ्यांत, म्हणजे जून ते ऑगस्ट, बर्फानें वारंवार बंद होतो. इ.स. १८१७ च्या जानेवारींत जनरल सान मार्टिन यांनीं आपलें सैन्य मेंडोझाहून याच पर्वतरांगेंतून चिलींत उतरविलें आणि फेब्रुवारींत चाकाबुको येथें विजय मिळविला. मेंडोझाजवळ माइपू व लुहान दे कूयो हीं जुन्या मळ्यांचीं गांवें, आणि दक्षिणेस उंचावर ऊको खोरें. वाइनरीस तेथें ‘बोदेगा’ म्हणतात. आधीं कळवून वेळ ठरवावी लागते, अंतरें मोठीं असतात, म्हणून दिवसास दोन, फार तर तीन ठिकाणें ठेवावींत. मोटार हांकणाऱ्यानें पेल्यास हात लावूं नये, हा नियम सर्व देशांत सारखाच.

नाशिकच्या यात्रेस जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. त्या वेळीं तोडणी चालू असते. अमडापूरहून निघून चिखली, देऊळगांवराजा या मार्गानें जालन्यास यावें आणि कडवंचीचीं शेततळीं पाहावींत. दुसऱ्या दिवशीं छत्रपति संभाजीनगरावरून दौलताबादेस जावें. किल्ल्याच्या माथ्यावरून इब्न बतूतानें वाखाणलेला मुलूख पाहावा. पुढें येवल्यावरून विंचूर, आणि तेथून निफाड-ओझरच्या मांडवांतून नाशिक. नाशिकला दोन दिवस द्यावेत. एक दिवस गंगापूरच्या जलाशयाकडे, एक दिवस दिंडोरीकडे. वाइनरींत द्राक्षांचा रस पिळण्याचीं यंत्रें, पोलादी टाक्या, आणि लांकडी पिंपांचें थंड तळघर दाखवितात. ज्यांना पिणें वर्ज्य आहे त्यांनींहि हें पाहण्यास हरकत नाहीं. मुलांना बरोबर नेलें, तर यीस्ट साखरेचें मद्य कसें करतें हा रसायनशास्त्राचा धडा तेथें जसा समजेल तसा वर्गांत समजणार नाहीं. दारूबंदीच्या कायद्यानें परवाना लागतो, वयाची अट आहे, हें मोठ्यांनीं विसरूं नये. परततांना जळगांवकडून अजिंठ्यास यावें, पहिल्या लेण्याच्या छतावरचे ते परदेशी पाहुणे पाहावेत, आणि बुलढाण्यावरून चिखलीस उतरावें. दीड हजार वर्षांपूर्वींचा पेला आणि कालचा पेला यांची तुलना घराजवळच होईल.

अमडापूरला परत आल्यावर वहींतील चार प्रश्नांपुढें उत्तरें लिहावींत. तिसऱ्या व चौथ्या प्रश्नाचें उत्तर एकट्या गांवाच्या हातीं नाहीं. बाजार दूर आहे आणि कायदा मुंबईंत होतो. वेल आणतां येते, पण तिच्यासाठीं भांडवल लागतें, आणि बाजार फिरला कीं कर्ज मागें उरतें, हें नाशिक व मेंडोझा या दोहोंनीं दाखविलें आहे. म्हणून द्राक्षें पाहून आलेल्या प्रत्येकानें द्राक्षेंच लावावींत असें नाहीं. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मात्र प्रत्येक गांवास स्वतः लिहितां येतें. येत्या मृगांत टेकडीवर पहिला मोठा पाऊस पडेल, तेव्हां त्यांतलें किती पाणी शिवारांत मुरलें आणि किती नाल्यावाटे वाहून गेलें, हें कोणी तरी उभें राहून पाहावें.